कऱ्हेच्या खोऱ्यातला उघडा डोंगर : प्रस्तावना

आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाटाचं छायाचित्र दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. वळणं घेत चढणारा रस्ता, रस्ता दिसू नये इतकी माणसं, भगव्या पताका आणि पाऊस वेळेवर आला असेल तर मागे हिरवा डोंगर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हा घाट चढते आणि सासवडला विसावते. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना दिवे घाट ठाऊक आहे तो एवढाच. तोच डोंगर फेब्रुवारीत बघायला कुणी जात नाही. तेव्हा त्याचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, कुठे वणव्याने पट्टेच्या पट्टे काळे केलेले असतात, आणि गाडीतून जाणारा माणूस काच वर करून ‘इथे काय आहे बघण्यासारखं’ असं म्हणून पुढच्या मिसळीचा विचार करू लागतो. हे पुस्तक त्या फेब्रुवारीतल्या डोंगराबद्दल आहे.

घाट चढून वर आलं की कऱ्हेचं खोरं लागतं. ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीकडे जाते आणि पुढे नीरेला मिळते. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्रामुळे तिचं नाव मराठी घराघरात पोचलं, पण ‘कऱ्हेचे पाणी’ वाचलेल्यांपैकी किती जणांनी कऱ्हेत खरोखरीचं पाणी वाहताना पाहिलं असेल, हा प्रश्नच आहे. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळू आणि गोटेच असतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो, आणि घाट ओलांडून पूर्वेकडे सरकलं की पाचशेच्या घरात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीवर रिते होतात आणि पलीकडच्यांना वारा तेवढा मिळतो. घाटमाथ्याचा सगळा भर जुलैवर; इथला शेतकरी मात्र डोळे लावून बसतो तो सप्टेंबरच्या परतीच्या पावसाकडे. डोंगरावरच्या गवताचंही वेळापत्रक तेच आहे.

असा कोरडा डोंगर निसर्ग शिकायला सर्वांत सोपा, हे माझं म्हणणं आहे आणि सगळं पुस्तक त्या म्हणण्यावर उभं आहे. महाबळेश्वरच्या किंवा भीमाशंकरच्या रानात गेलं की झाडं दिसतात, शेवाळं दिसतं, धुकं दिसतं. खडक दिसत नाही. त्यावर पानांचा आणि मातीचा एवढा थर असतो की जमिनीखाली काय आहे, याचा विचारही मनात येत नाही. इथे उलट आहे. खडक उघडा आहे. त्याला कुठे भेग आहे, कुठे तो ठिसूळ आहे, कुठे त्यातून ओल सुटते हे डोळ्यांना दिसतं, आणि झाड तिथेच का, दहा पावलांवर का नाही, याचं उत्तर बऱ्याचदा पायाखालीच सापडतं. म्हणून या पुस्तकात आधी पक्षी, मग फुलं, मग शेवटी परिशिष्टात थोडं भूशास्त्र असा नेहमीचा क्रम ठेवलेला नाही. पायथा, उतार, कडा आणि माथा असे चार भाग केले आहेत आणि प्रत्येक भागात दगड, झाडं, प्राणी एकत्र आले आहेत. वाचणाऱ्याला सुरुवातीला थोडं अडखळल्यासारखं होईल. चालणाऱ्याला होणार नाही.

दिवे घाटात रस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे तिथे थांबून वर पाहावं. (गाडी नीट बाजूला लावून, या घाटात ट्रकवाले कुणाची गय करत नाहीत.) खाली काळा, टणक, उभ्या-आडव्या सांध्यांनी चिरलेला फत्तर दिसतो. थंड होताना लाव्हा आकसला, त्याचे हे तडे. त्याच्या वर तोच खडक जाळीदार, भोकाभोकांचा होत जातो, कारण वितळलेल्या लाव्ह्यातले वायू बुडबुडे होऊन वर चढले आणि वरचा भाग थिजला तसे तिथेच अडकले. त्याच्याही वर हात-दोन हात जाडीचा विटकरी तांबडा पट्टा येतो, आणि मग पुन्हा काळा फत्तर. हा तांबडा पट्टा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला निवांत काळ. खालचा प्रवाह थंड झाला, उन्हापावसाने झिजला, त्याची माती झाली, आणि मग पुढचा तप्त प्रवाह येऊन त्या मातीला भाजून गेला. हे सगळं घडलं ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर पृथ्वीवरून गेले त्याच सुमाराला. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, आणि त्याचा मोठा हिस्सा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो पसरलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने सह्याद्रीतल्या या थरांची जी वर्गवारी केली, तिच्यात एका थरसमूहाला दिवेघाटाचं आणि त्याच्या वरच्याला पुरंदरगडाचं नाव आहे. ज्या घाटातून आपण खिडकीची काच वर करून जातो, तो भूशास्त्राच्या पुस्तकात एक मापदंड म्हणून बसला आहे.

जाळीदार थरातली भोकं रिकामी राहिली नाहीत. पुढच्या काळात खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून भोकांच्या भिंतींवर स्फटिक बसले. काही पांढरे, काही गुलाबीसर, काही पाण्यासारखे नितळ. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं आहेत आणि पुणे परिसरातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारं गर्द निळं कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मीळ रत्नच. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. त्यांतली खरी गारगोटी ओळखायची सोपी युक्ती आहे: लोखंडी चाकूचं टोक घासून पाहा. गारगोटीवर ओरखडा पडत नाही, बाकीच्या बहुतेकांवर पडतो. आणि शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या काठावर पांढुरके ओबडधोबड खडे दिसले तर त्यांवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की ती चुनखडी. जवळ चाकू आणि लिंबू असलं की पहिल्या भागापुरती तुमची प्रयोगशाळा तयार आहे.

उतारावर मोठे गोल धोंडे पडलेले असतात आणि ते वरून गडगडत आले असावेत असं वाटतं. तसं नेहमीच नसतं. पुष्कळदा ते जागच्या जागी गोल झालेले असतात. सांध्यांमधून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात, आणि खडकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन आत टणक गोळा उरतो. भोवतीचा कुजलेला भाग म्हणजे मुरूम. मुरूम आणखी कुजला, पावसाने खाली वाहून गेला आणि खोऱ्याच्या तळाशी साचला की त्याची काळी माती होते. वरचा मुरमाड उतार आणि खालचं उसाचं रान ही एकाच दगडाची दोन वयं आहेत. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर या हलक्या, निचऱ्याच्या मुरमाड जमिनीवर पोसतात. चिबड काळ्या रानात त्यांची मुळं कुजतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातला निम्मा मान मुरमाचा आहे, असं मी मानतो.

तांबड्या पट्ट्याकडे पुन्हा येऊ, कारण डोंगरावरचं पाणी तोच वाटतो. तो चिकणमातीचा असल्यामुळे वरून मुरलेलं पाणी त्यातून खाली उतरत नाही. मग ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीला येतं आणि पाझरतं. डिसेंबरात सगळा उतार वाळलेला असताना एका उंचीवर झाडांची हिरवी रेघ आडवी गेलेली दिसली तर तिच्या खाली तांबडा पट्टा शोधावा. बऱ्याचदा तो सापडतो. जिथे हा मऊ थर झिजून आत गेला आहे तिथे कपारी होतात. अशा कपारीत कुठे साळिंदराचे काटे पडलेले असतात, कुठे घुबडाने ओकलेल्या उंदरांच्या हाडांच्या गोळ्या, आणि कुठे शेंदूर फासलेला देव.

आता गवत. कोरड्या डोंगरावर खरं राज्य त्याचंच आहे, झाडं पाहुणी. मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी ही नावं इथल्या मेंढपाळाला घरच्या माणसांसारखी पाठ असतात, आणि कोणतं गवत कोणत्या महिन्यात जनावर तोंडात घेतं आणि कोणतं नाक मुरडून सोडतं हेही. यांतल्या कुसळीजवळ जरा बसावं असं मी सुचवेन. ऑक्टोबरनंतर तिच्या तुऱ्यात काळपट शेपट्या एकमेकींत गुंतून जातात. त्यांतली एक हळूच ओढून काढा. एका टोकाला बारीक, धारदार, मागे वळलेल्या केसांचं बी आणि त्यामागे बोटभर लांब, पीळ पडलेली शेपटी. ती तळहातावर ठेवून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. शेपटी गरगर फिरू लागते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो. दवाच्या रात्री आणि उन्हाच्या दुपारी असा पीळ सुटत-बसत राहतो आणि बी जमिनीच्या भेगेत स्वतःला पेचत नेतं. मागे वळलेल्या केसांमुळे आत गेलेलं बी बाहेर येत नाही. वणवा गेला तरी जमिनीत शिरलेल्या बीला झळ कमीच लागते. हेच यंत्र तुमच्या मोज्यात शिरलं की काय होतं, ते डोंगरावरून उतरताना कळेल. मेंढ्यांच्या लोकरीत आणि कधी कातडीतही ते शिरतं, म्हणून कुसळ धरायच्या आत कुसळी चारून घ्यावी असा मेंढपाळांचा शहाणपणा आहे.

गवतात लपलेली दुसरी एक वनस्पती बघायला मात्र पावसाळ्यातच यावं लागतं. खर्पुडी. जमिनीखाली तिचा कंद असतो आणि गुराखी पोरं तो खणून खातात. वर येते ती नाजूक वेल आणि तिच्यावर इवल्या कंदिलाच्या आकाराची फुलं. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी सरसर आत घसरते, पण परत चढता येत नाही. तळाशी ती घुटमळते, तिच्या अंगाला परागांची पुडी चिकटते, आणि काही काळाने नळीतले केस सुकून पडले की तिची सुटका होते. लगेच दुसऱ्या फुलात जाऊन ती पुन्हा अडकते, आणि खर्पुडीचं काम होतं. या कंदीलपुष्पांच्या कुळातल्या कितीतरी जाती फक्त पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरांवर आहेत. त्यांच्या नात्यातलं शिवसुमन तर कड्याच्या भेगांमध्येच राहतं. डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. शिवनेरी आणि पुरंदरसारख्या गडांच्या कड्यांवर ते टिकलं याचं कारण तिथे शेळी पोचत नाही.

झाडांबद्दल प्रस्तावनेत फार सांगत नाही. हिवर, बोर, हेंकळ, मोई, मेडशिंग, पळस, पांगारा, सोनसावर यांची ओळख पुढे सविस्तर आहे. एवढंच लक्षात ठेवावं की यांतली बरीच झाडं पानं टाकून मग फुलतात. पाणी वाफ होऊन जायला पानंच नकोत आणि निष्पर्ण फांदीवरचं फूल पाखरांना लांबून दिसतं, असा दुहेरी हिशेब त्यात असावा. सोनसावरीचं लखलखीत पिवळं फूल आणि पांगाऱ्याचा लाल तुरा फेब्रुवारी-मार्चच्या भुंड्या उतारावर जेवढा उठून दिसतो तेवढा ऑगस्टच्या हिरव्या गर्दीत दिसला नसता.

इथल्या प्राण्यांचा रंग दगडाचा आणि वाळल्या गवताचा. माळटिटवीची अंडी खड्यांमध्ये ठेवलेली असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. पाय जपून टाकावा. सासवडच्या माळावर धाविक धावताना दिसतो तोवर दिसतो, थांबला की नाहीसा होतो. चंडोलांचं तर हे माहेरच. डोंबारी नावाचा चिमुकला चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, जमिनीला टेकणार इतक्यात पुन्हा उसळतो. त्याला हे नाव ठेवणाऱ्याने त्याला नीट पाहिलं होतं. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात आणि गवतावरून हातभर उंचीने तरंगत टोळ टिपतात. पहिल्या पावसाबरोबर मृगाचे मखमली किडे बाहेर पडतात, वारुळांतून पंखवाल्या वाळव्या निघतात आणि चातक हाका मारू लागतो.

उन्हाळ्यात, माणसांनी डोंगराकडे पाठ फिरवलेली असते तेव्हा, एका छोट्या सरड्याचा मोसम ऐन भरात असतो. एप्रिलच्या सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला प्रत्येक जरा उंच दगडावर एक नर चढून बसलेला असतो. बोटभर देह, मातकट रंग, दखल घ्यावी असं काही नाही. मग तो मान वर करून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो आणि तिच्यात निळा, काळा, नारिंगी असे झगझगीत रंग दिसतात. क्षणात पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. शेजारच्या दगडावरचा नर उत्तर देतो. मध्येच एखादा मागच्या दोन पायांवर धावत दुसऱ्यावर चालून जातो. या सरड्यांच्या काही जातींसाठी २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती निश्चित केली आणि तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिलं. यांपैकी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या सरड्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, त्यामुळे सरडे वाढले, आणि वाढलेल्या गर्दीत खाणं वाटलं गेल्यामुळे ते रोडावले. त्यांच्या गळ्याचे रंगही फिके झाले. पवनचक्की फिरते वर आणि रंग उतरतो खालच्या दगडावरच्या सरड्याचा. डोंगरावर एक गोष्ट हलवली की दुसरी कुठली हलेल, हे आधी सांगता येत नाही.

दगड, गवत आणि प्राणी एकत्र बघण्याचा हा प्रकार नवा नाही. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा ब्रिटिश अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. पिकं, माणसं, पाऊस, बाजारभाव हे त्याचं कामच होतं. पण त्याने इथल्या पक्ष्यांची यादी केली, सस्तन प्राण्यांचं वर्णन केलं आणि १८३६ मध्ये दख्खनच्या खडकांवर निबंधही छापला. आपल्या माळावरच्या एका चंडोलाला त्याने ‘देवा’ आणि एका वटवट्याला ‘रामा’ अशी शास्त्रीय नावं दिली; ती आजही चालतात. आपल्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णनही त्याचंच, १८३१ मधलं. त्याच्यानंतर विषय वेगळे झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिली, ती आजही हाताशी लागते. पण ती चाळताना झाडाखालचा दगड डोळ्यांसमोर येत नाही. विद्यापीठांत भूशास्त्र एका इमारतीत आणि प्राणिशास्त्र दुसऱ्या इमारतीत गेलं. तज्ज्ञता वाढली हे खरं. तरीही दगड आणि सरडा एका दमात बघायची साईक्सची सवय मला जास्त उपयोगाची वाटते, आणि या पुस्तकात मी तीच उसनी घेतली आहे.

लांडग्याचा उल्लेख आलाच आहे, तर माणसांचाही करायला हवा. पाऊसपाणी झालं की दिवाळीच्या सुमाराला धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला या माळांवर परततात. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्यावर बांधलेलं लेकरू असा तो सगळा संसार चालत असतो. लांडगा त्यांच्या मागे-पुढे असतो. तो मेंढरू उचलतो आणि धनगर त्याला शिव्या देतो, पण लांडगा या डोंगरावर असणारच हे त्याने धरलेलं असतं. भारतात आज लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असल्याचा अंदाज आहे, वाघांपेक्षा कमी. त्यांतले बरेच अभयारण्यांच्या बाहेर, अशाच गायरानांत आणि माळांवर राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा तिथे सुखाने राहतो. लांडग्याला एका रात्रीच्या फेरीलाही तेवढं पुरत नाही.

आणि इथे माझं भांडण सुरू होतं. सरकारी नकाशांत अशा बऱ्याच जमिनी पडीक म्हणून रंगवलेल्या असतात. पडीक म्हटलं की ती कामाला लावायची, आणि कामाला लावायची म्हणजे झाडं लावायची, प्लॉट पाडायचे किंवा खडी काढायची. खाण आणि प्लॉट यांना विरोध करणारे पुष्कळ भेटतात. झाडं लावण्याला विरोध केला की लोक चमकून बघतात. पण गवताळ उतारावर यंत्राने आडवे चर खणून त्यांत गिरिपुष्प लावलं तर काय होतं ते पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन पाहावं. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड जगतं चिवटपणे, फेब्रुवारीत गुलाबी फुलतंही. त्याच्या सावलीत कुसळी येत नाही, चंडोल घरटं करत नाही, सरड्याला उन्हातला दगड मिळत नाही. डोंगर हिरवा दिसतो, उद्घाटनाचा फलक लागतो, आणि तिथे आधी काय होतं याची नोंद कुणाकडेच नसते. पाणी अडवायला माझा विरोध नाही. ज्या खोऱ्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला त्याला तो कसा असेल? चर कुठे खणायचा हे खडक बघून ठरवावं, आणि झाड कुठे लावायचं हे तिथे आधी कोण राहतं ते बघून, इतकंच. तेवढं बघता यावं म्हणूनही हे पुस्तक आहे. बारामती-इंदापूरकडे शिर्सुफळ आणि कडबनवाडीला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हा मला चांगला बदल वाटतो. निदान तिकीट काढून बघण्याजोगं इथे काहीतरी आहे, हे कबूल झालं.

पुस्तक वापरण्याविषयी थोडं. ते घरी वाचून संपवायचं नाही. एक भाग वाचावा, तेवढाच उतार चालावा. चालणं कमी, बसणं जास्त. एका दगडाशेजारी अर्धा तास बसून राहिलं तर डोंगर तुम्हाला विसरतो आणि आपापल्या कामाला लागतो. नावं येत नाहीत म्हणून लाजू नये. आधी वर्णन लिहावं, कुठल्या उंचीवर, कसल्या दगडावर, उन्हात की सावलीत, ते लिहावं. नाव नंतर सापडतं. वर्णन नसेल तर नाव सापडूनही उपयोग नसतो. झाडांची आणि गवतांची नावं सासवड-जेजुरीकडे जशी बोलली जातात तशी आधी दिली आहेत. एकाच गवताला दोन गावांत दोन नावं असतील तिथे दोन्ही ठेवली आहेत आणि शास्त्रीय नावं सूचीत आहेत.

दगड उलटायची हौस प्रत्येकाला असते, आणि दगडाखालचं जग बघण्याजोगं असतंच. फक्त दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उचलावा, म्हणजे खाली जे कुणी असेल त्याला आपल्या विरुद्ध दिशेने वाट मिळते. तिथे विंचू असतो, गोम असते आणि फुरसंही असतं. फुरसं लहान असतं, डिवचलं तर वेटोळं करून खवल्यांवर खवले घासत खरखर आवाज काढतं, आणि त्याचं विष जीवघेणं आहे. हात घालू नये, काठी असावी, आणि बघून झालं की दगड होता तसा परत ठेवावा, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे. काडेपेटी सोबत नेऊ नये. वणवा लावला की पुढच्या साली गवत जोमदार येतं, असा समज या भागात अजून आहे आणि त्याची चर्चा तिसऱ्या भागात केली आहे.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर जेजुरीच्या कडेपठारापासून. खालच्या गडकोटावर भाविकांची रीघ असते, पण जुन्या देवस्थानाकडे वर जाणारी ही पायऱ्यांची वाट पायथ्याच्या काळ्या रानापासून माथ्याच्या उघड्या खडकापर्यंत सगळा उतार एका चढणीत दाखवते. वाटेत बसायला जागा आहे, नाझरे धरणाचं पाणी खाली दिसतं आणि सकाळी सातच्या आत निघालं तर ऊन चढायच्या आधी माथा गाठता येतो. रविवारी, पौर्णिमेला आणि विशेषतः सोमवती अमावास्येला, खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते त्या दिवशी, मात्र पक्षी बघायला येऊ नये. त्या दिवशी दुर्बीण घरी ठेवावी आणि भंडारा उधळायला यावं.